गावच्या नटाची नाट्यसूची : बेळगाव सीमाभागातील एक प्रकरण

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका गावी महालक्ष्मी यात्रेच्या निमित्ताने तिथल्या हौशी नाट्यमंडळाने आपल्या सर्वांत ज्येष्ठ नटाचा सत्कार करायचे ठरवले. सत्कारासोबत एक छोटी गौरवपुस्तिका काढावी, तिच्यात त्यांचा परिचय आणि त्यांनी केलेल्या नाटकांची यादी छापावी, असा ठराव झाला आणि यादी तपासून नीट मांडून देण्याचे काम माझ्याकडे आले. पुस्तिका गावापुरतीच आहे, तिच्याबाहेर आपले नाव नको, असे त्या नटांचे म्हणणे असल्यामुळे इथे नाव देत नाही. गाव त्यांना तात्या म्हणते, म्हणून इथेही तात्याच म्हणतो.

माझ्या हाती जी यादी आली ती तात्यांनी सांगितलेली आणि मंडळाच्या सचिवांनी वहीच्या पाठपोट पानांवर उतरवून घेतलेली होती. नाटकांची नावे होती, काही ठिकाणी भूमिकांची नावे होती, साल जवळजवळ कुठेच नव्हते आणि शेवटी ठळक अक्षरांत 'शंभराहून अधिक प्रयोग' असे लिहिलेले होते. सत्काराच्या पुस्तिकेला एवढे पुरते आणि बहुतेक ठिकाणी एवढ्यावरच भागवले जाते. मला ते पुरेसे वाटले नाही, कारण गावच्या नटाबद्दल लेखी स्वरूपात जे काही उरणार ते याच पुस्तिकेत उरणार होते. चुकीची यादी एकदा छापली गेली की पुढे तीच खरी ठरते आणि ती दुरुस्त करायला कोणी येत नाही.

या जिल्ह्याला रंगभूमीचा वारसा थोडाथोडका नाही. मराठी संगीत नाटकाचे आद्य पुरुष बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली जन्मले ते गुर्लहोसूरला आणि हे गाव आजच्या बेळगाव जिल्ह्यात आहे. त्यांचे 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगमंचावर आले. कन्नड रंगभूमीवर मोठी कारकीर्द केलेले एणगी बाळप्पा हेही याच जिल्ह्यातल्या सौंदत्ती तालुक्यातले. १९१४ साली जन्मलेल्या या नटाने शंभरी ओलांडून २०१७ साली जगाचा निरोप घेतला. या दोघांबद्दल आपल्याला तारीखवार माहिती मिळते, कारण त्यांच्यामागे नाटक कंपन्या होत्या. कंपनीला जाहिरात करावी लागे, तिचे हिशेब असत, वर्तमानपत्रांत परीक्षणे येत, पुढे चरित्रे आणि पुरस्कार आले. गावच्या यात्रेत वर्षाकाठी एक नाटक करणाऱ्या मंडळाकडे यातले काही नसते. त्यात १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर इथली मराठी गावे त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेली. मराठी नाटकाचा इतिहास लिहिणाऱ्यांची नजर मुंबई-पुण्याकडे आणि फार तर कोल्हापूर-सांगलीपर्यंत पोचली, तर कन्नड रंगभूमीच्या अभ्यासकांना या गावांतल्या मराठी नाटकांकडे वळण्याचे काही कारण नव्हते. म्हणून तात्यांसारख्या नटाची नोंद गावानेच करायची, दुसरे कोणी करणार नाही, हे गृहीत धरून मी कामाला लागलो.

जडणघडण

तात्यांचे घर शेतकऱ्याचे, शेत भाताचे. शिक्षण गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत. आवाज तयार झाला तो भजनी मंडळात, कारण गावात पेटी आणि तबला असलेली दुसरी जागाच नव्हती. रंगमंचावरचे त्यांचे पहिले काम पडद्यामागचे आहे, ते म्हणजे प्रॉम्प्टरचे. विंगेत कंदील घेऊन बसायचे, पुस्तकावर बोट ठेवायचे आणि अडलेल्या पात्राला वाक्य पुरवायचे, या कामात त्यांचे पहिले दोन-तीन हंगाम गेले. सचिवांच्या यादीत याचा उल्लेखच नव्हता. तात्यांनाही ते सांगण्यासारखे वाटले नव्हते. वास्तविक त्यांच्या अभिनयाची मुळे तिथेच आहेत, असे माझे मत आहे. प्रॉम्प्टरला एका पात्राचे नव्हे, सगळे नाटक पाठ होते, कुठल्या वाक्यानंतर कोण कोठून येणार हे त्याच्या अंगवळणी पडते. पुढे तात्यांबद्दल गावात जे सांगितले जाते, की समोरचे पात्र वाक्य विसरले तर तात्या स्वतःच्या वाक्यात त्याचा अर्थ गुंफून प्रवेश पुढे नेत, ते या शिकवणीमुळेच साधले असणार.

नोकरी उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत. पाळ्यांची नोकरी असल्यामुळे तालमी त्यांच्या पाळीवर ठरत. रात्रपाळीच्या आठवड्यात दुसरा कोणीतरी त्यांची वाक्ये वाचून तालीम पुढे नेई. सुगी आटोपली की तालमीला सुरुवात व्हायची आणि यात्रेच्या आदल्या आठवड्यात रंगीत तालीम. इथे एक गोष्ट शहरी वाचकांसाठी स्पष्ट करायला हवी. गावच्या हौशी नाटकात नटाला पैसे मिळत नाहीत, उलट त्याला वर्गणी द्यावी लागते आणि मोठ्या भूमिकेला मोठी वर्गणी असते. तात्यांनी जपून ठेवलेल्या नाटकाच्या पुस्तकांपैकी एकाच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला पात्रयोजना लिहिलेली आहे आणि प्रत्येक नावासमोर वर्गणीचा आकडा आहे. पुस्तकाचे मूळ कव्हर गेलेले, पाने जाड दोऱ्याने पुन्हा टाचलेली, तात्यांच्या वाक्यांखाली लाल पेन्सिलीची रेघ, त्यांच्या आधीच्या पात्राच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांखाली निळी आणि समासात 'पेटी', 'लाईट बंद', 'माईकपाशी' अशा सूचना. या प्रकरणात मला सापडलेला सर्वांत विश्वासू कागद हाच. हँडबिलावर छापलेले नाव ऐनवेळी बदलू शकते. तालमीचे पुस्तक मात्र ज्याने भूमिका केली त्याच्याच हाताने रंगलेले असते.

'माईकपाशी' या सूचनेविषयी थोडे सांगतो. यात्रेतला रंगमंच देवळासमोरच्या पटांगणात, ट्रॉल्या किंवा बॅरलांवर फळ्या टाकून उभा केलेला असतो आणि वरून दोन-तीन माईक लोंबत असतात. नटाला भावना कितीही अनावर झाली तरी वाक्याचा शेवट माईकखाली यावा लागतो, नाहीतर मागे बसलेल्यांपर्यंत तो पोचत नाही. तात्या पल्लेदार वाक्य एका माईकखाली सुरू करून दुसऱ्याखाली संपवत आणि मधल्या चालीत वाक्याचा कमी महत्त्वाचा भाग टाकत. हे त्यांनी मला घराच्या सोप्यात चालून दाखवले. ही रीत त्यांना कोणी शिकवली नव्हती आणि कोणत्याही पुस्तकात मी ती वाचलेली नाही.

पाच भूमिकांचा प्रश्न

यादीतली सर्वांत मोठी नोंद आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' या नाटकाची आहे. १९६२ साली रंगमंचावर आलेल्या या नाटकात प्रभाकर पणशीकर यांनी लखोबा लोखंडेसह पाच रूपे साकारली आणि त्या प्रयोगासाठी फिरता रंगमंच वापरला गेला, हे सर्वज्ञात आहे. आपल्या भागाच्या दृष्टीने विशेष असे की लखोबा हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी आहे. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला निपाणी हे लांबचे गाव असेल. आमच्याकडे समोर बसलेल्या माणसांतले कित्येक निपाणीच्या बाजाराला जाऊन आलेले असतात आणि तिथला व्यापारी कसा बसतो, कसा बोलतो, भाव सांगताना कसा थांबतो, हे त्यांना पुरते ठाऊक असते. त्यामुळे तात्यांची परीक्षा निराळी होती. त्यांनी लखोबाचे बोलणे ज्या एका व्यापाऱ्याकडून उचलले तो त्यांनी बाजारात अनेकदा ऐकला होता आणि नकलेपेक्षा त्याचा सावकाशपणा घ्यायचा, असे त्यांनी ठरवले होते.

फिरता रंगमंच गावात कोठून येणार? भाड्याने आणलेल्या सीनसिनरीचे पडदे आणि कोर्टासाठी शाळेतून आणलेली टेबलखुर्ची यांवर नाटक उभे राहिले. वेश बदलायला वेळ मिळावा म्हणून तात्या दोन वेश एकावर एक घालत, वरचा उतरवला की खालचा तयार असे. दाढी-मिशा चिकटवायला विंगेत दोन माणसे नेमलेली असत आणि त्यांच्या तालमीसुद्धा वेगळ्या घेतल्या होत्या. पडदा पडून उठेपर्यंत पेटीवाला एखादे पद वाजवी. तरीही एका बदलाला वेळ अपुरा पडायचा. तिथे वकिलाचे काम करणाऱ्या नटाने आपले बोलणे लांबवायचे, असे ठरले होते. तो नट आज हयात आहे आणि ते लांबवलेले बोलणे त्याला अजून तोंडपाठ आहे. तात्यांच्या भूमिकेला मिळालेली ही स्वतंत्र, जिवंत साक्ष.

प्रश्न होता तो नोंदीचा. सचिवांनी हे नाटक पाच ओळींत, पाच वेगवेगळ्या भूमिका म्हणून लिहिले होते आणि एकूण नाटकांच्या आकड्यात पाचदा धरले होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पाच माणसे उभी करायची तर श्रम पाच माणसांचे, असे त्यांचे म्हणणे होते. मी ही नोंद एका नाटकाची केली आणि तिच्याखाली पाचही रूपांची नावे दिली. एकाच नटाने पाच रूपे घ्यायची, ही या नाटकाची अटच आहे. ती रूपे सुटी करून मोजली तर तात्यांनी नेमके काय अवघड काम केले ते वाचकाला कळतच नाही. सचिवांना हे लगेच पटले नाही, तात्यांना मात्र पटले.

'शंभर प्रयोग' कोठून आले

आकड्याची खरी अडचण यापुढची होती. गावचे नाटक बहुधा एकदाच होते. चांगले झाले तर शेजारच्या गावच्या यात्रेचे बोलावणे येते आणि आणखी एक-दोन प्रयोग होतात. एवढ्या हिशेबाने शंभराचा आकडा कसा जमतो, हे मला उमगेना. तात्यांशी बोलताना उलगडा झाला. बेळगावात शिवजयंतीनिमित्त चित्ररथांची मोठी मिरवणूक निघते आणि ट्रॉल्यांवर शिवचरित्रातले सजीव देखावे सादर केले जातात. तात्या अनेक वर्षे अशा देखाव्यांत उभे राहिले, तरुणपणी मावळा म्हणून आणि पुढे अफझलखान म्हणून. मिरवणूक चौकाचौकांत थांबते आणि प्रत्येक थांब्यावर तोच प्रसंग पुन्हा होतो. सचिवांनी हे सगळे थांबे प्रयोग म्हणून मोजले होते.

सजीव देखावा हे नाटक आहे का, यावर मंडळात बरीच चर्चा झाली. देखाव्यात संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात, आवाज अनेकदा दुसऱ्याचा असतो आणि नटाने त्या आवाजावर हालचाल करायची असते. प्रसंग काही मिनिटांचा. म्हणून त्याला नाटकाच्या यादीत घालणे मला योग्य वाटले नाही. पण ते गाळणेही अन्यायाचे झाले असते. हलत्या ट्रॉलीवर, ढोलताशांच्या गजरात, मध्यरात्र उलटून गेल्यावर तोच वार त्याच जोमाने करणे आणि त्याच क्षणी कोसळणे हे सोपे काम नाही. शिवाय गावातल्या कितीतरी मुलांनी तात्यांना पहिल्यांदा पाहिले ते याच देखाव्यांत आणि त्यांतलीच काही पुढे मंडळात आली. तेव्हा 'सजीव देखावे' असा स्वतंत्र भाग केला, त्यात भूमिका दिल्या आणि थांब्यांची मोजणी सोडून दिली. 'शंभराहून अधिक प्रयोग' हे वाक्य पुस्तिकेतून काढले. त्याजागी प्रत्येक नाटकासमोर ज्ञात असलेले प्रयोग आणि त्यांची गावे दिली. कुठे एक, कुठे दोन. माझ्या मते एका रात्रीसाठी चार महिने तालीम करणाऱ्या माणसाला व्यावसायिक नटाच्या मापाने मोजणे हेच मुळात चुकीचे आहे. प्रयोगांचा मोठा आकडा त्याचे मोठेपण वाढवत नाही, उलट ते दिसेनासे करतो.

अशीच एक लहान दुरुस्ती बेळगावात २०१५ साली भरलेल्या ९५ व्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या उल्लेखाबाबत करावी लागली. गायिका-अभिनेत्री फैयाज त्या संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. यादीत 'नाट्यसंमेलनात सहभाग' असे लिहिले होते आणि वाचणाऱ्याला तात्यांनी तिथे नाटक केले असे वाटले असते. ते गावच्या मंडळींबरोबर श्रोते म्हणून गेले होते. ओळ तशीच सरळ लिहिली.

सालांचा शोध

हँडबिले थोडी मिळाली, तीही घडीवर फाटलेली. गावच्या हँडबिलावर वार, तारीख, मराठी महिना आणि तिथी असते, 'रात्री ठीक १० वाजता' असते, रंगभूषा, ध्वनी आणि सीनसिनरी कोणाची ते असते, फक्त साल नसते. छापणाऱ्याला ते सांगण्याची गरजच वाटत नाही. पण वार, तारीख आणि तिथी या तिन्हींचा मेळ घातला तर साल निघते. एखादी तारीख त्याच वारी पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी परत येते, तर तीच तिथी त्याच तारखेच्या आसपास साधारण एकोणीस वर्षांनी येते. दोन्ही जुळणारी साले फार थोडी असतात आणि जुन्या पंचांगांत पाहिले की त्यांतले नेमके कोणते ते नटांच्या वयावरून ठरवता येते.

जिथे हँडबिल नव्हते तिथे महालक्ष्मी यात्रा उपयोगी पडली. आमच्याकडच्या गावांत ही यात्रा दरवर्षी होत नाही, मधे बरीच वर्षे जातात, म्हणून प्रत्येक यात्रेचे साल गावाच्या लक्षात असते. कोणते नाटक कोणत्या यात्रेला झाले एवढे विचारले की पुरे. माणसे साल चुकतात, यात्रा चुकत नाहीत. 'थोरलीचं लगीन झालं त्या यात्रेला' असे उत्तर देणाऱ्या एका आजींमुळे एका नाटकाचे साल नक्की झाले, कारण लग्नाची पत्रिका त्यांच्या ट्रंकेत होती.

यादीत नसलेली नाटके

तात्यांच्या घरच्या फोटोंत एक फोटो वेगळा होता. त्यात ते मुकुट घालून उभे आहेत आणि मागच्या पडद्यावर कन्नड अक्षरे आहेत. फौंड्रीतल्या कामगारांच्या गणेशोत्सवात बैलहोंगल-गोकाककडचे सहकारी कन्नड नाटके करत आणि तात्यांनी त्यांत भूमिका केल्या होत्या. सचिवांना त्यांनी यातले काहीच सांगितले नव्हते. विचारल्यावर म्हणाले, "ते कानडी नाटक हाय न्हवं, ते ह्यात कशाला घालतायसा?" थोड्या वेळाने त्यांनी आतून एक वही आणली. कन्नड लिपी त्यांना सराईतपणे वाचता येत नसे, म्हणून एका सहकाऱ्याने वाक्ये सांगितली आणि यांनी ती देवनागरीत उतरवून घेतली. पानेच्या पाने कन्नड संवाद, अक्षर मराठी शाळेतले. जिथे उच्चार लांबवायचा तिथे त्यांनी रेघ ओढली आहे. जिथे जोर द्यायचा तिथे टिंब आहे.

सीमाभागात राहणाऱ्याला तात्यांचा संकोच समजावून सांगावा लागत नाही. इथे पाटीपासून पत्रिकेपर्यंत प्रत्येक अक्षराला बाजू असते आणि सत्काराच्या दिवशी कोणाच्या कपाळावर आठी येऊ नये, एवढाच त्यांचा विचार होता. मंडळातल्या एका सदस्याने पुस्तिका मराठी मंडळाची आहे, असा मुद्दा मांडलाही. माझे म्हणणे असे पडले की यादी मंडळाची नाही, नटाची आहे. आपल्या मायबोलीवर आपले प्रेम आहे म्हणून एका माणसाने परकी वाक्ये पाठ करून, परक्या प्रेक्षकांपुढे निभावून नेलेले काम पुसून टाकायचा अधिकार आपल्याला मिळत नाही. या जिल्ह्यात 'श्रीकृष्ण पारिजात' या कन्नड लोकनाट्याचे खेळ आणि मराठी नाटके शेजारी-शेजारी वाढली आहेत, माणसे दोन्हीकडे बसून पाहत आली आहेत. शेवटी तात्यांनीच अट घातली, की वाक्ये शिकवणाऱ्या सहकाऱ्याचे नाव सोबत छापत असाल तर माझी ना नाही. त्या सहकाऱ्याच्या घरी जाऊन परवानगी घेतली आणि नोंद छापली.

आणखी एक पोकळी यादी करताना दिसली आणि ती भरून निघालेली नाही. गावच्या नाटकात स्त्री-भूमिकांसाठी कलावती बाहेरून बोलावल्या जात, बेळगाव शहरातून किंवा कोल्हापूर-सांगलीकडून. त्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी येत, एका तालमीत सगळ्या हालचाली समजावून घेत आणि रात्री मुख्य भूमिका पार पाडत. हँडबिलावर त्यांचे नुसते पहिले नाव आणि गाव छापलेले असते. तात्यांच्या नायिकांची पूर्ण नावे तात्यांनाही आठवत नाहीत. पुस्तिकेत जेवढे नाव छापील मिळाले तेवढे प्रत्येक नाटकासमोर दिले आहे, कारण आजूबाजूच्या गावांनी आपापली हँडबिले बाहेर काढली तर एकाच कलावतीचे नाव दहा ठिकाणी भेटेल आणि तिचीही यादी उभी राहू शकेल.

छापील यादी मूळ यादीपेक्षा बरीच लहान झाली. प्रत्येक नोंदीपुढे आधार कोणता ते लिहिले आहे : तालमीचे पुस्तक, हँडबिल, फोटो, सहकलाकाराची साक्ष किंवा तात्यांची आठवण. केवळ आठवणीवर उभ्या असलेल्या नोंदी खोट्या मानून गाळल्या नाहीत, त्या वेगळ्या गटात ठेवल्या. पुस्तिका वाटल्यानंतर शेजारच्या गावच्या एका गृहस्थांनी त्या गटातल्या एका नाटकाचे हँडबिल मंडळाकडे पाठवले, त्यामुळे ती नोंद आता छापील आधाराच्या गटात गेली आहे. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघणार नाही, म्हणून मंडळाने एक प्रत कोरी पाने जोडून बांधून घेतली आहे, देवळाच्या कपाटात ठेवली आहे आणि नवे कागद मिळतील तसे सचिव त्या पानांवर लिहीत आहेत. कन्नड संवादांच्या वहीची छायाप्रत त्याच कपाटात आहे. मूळ वही तात्यांनी स्वतःकडेच ठेवली.